ळ नसलेला फॉन्ट

नौबाद, बिदर
५ नोव्हेंबर २०२४

मंजू,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हातानं लिहायलोय. आपल्या दोघांचंबी पोट टायपिंगवर, आन् माझं हस्ताक्षर बघ, कोंबडी चालल्यासारखं. दिवाळीत घरच्या ग्रुपवर मी गंमत केली की ‘मंजुश्री ग्राफिक्स, आळंद: शुभेच्छा विकत, चुका फुकट’. सगळे हसले. मामाबी हसले. तू एकटीच दुकानाचं शटर पाडल्यासारखं मला बंद केलीस.

मुद्द्याचं सांगतो. परवा माणिकप्पा दुकानात आले. अर्ध्या तालुक्याची लग्नं ज्यांनी जुळवली आन् उरलेल्या अर्ध्याची मोडली, तेच. खिशातनं पेनड्राईव्ह काढला आन् म्हणाले, “हरिबाच्या पोरीचं परिचयपत्र हाय, रंगीत काढून दे. उदगीरच्या पार्टीला द्यायचंय.” हरिबाची पोरगी म्हणजे तू, माझ्या सख्ख्या मामाची लेक. तुझं परिचयपत्र मी छापायचं आन् ते उदगीरला जायचं. म्हणलं, बरं.

फाईलीचं नावच तू ‘हात लावू नये’ असं ठेवलीस. गेल्या साली निंबर्ग्याच्या जत्रेच्या तुझ्या पत्रकावर मी कोपऱ्यात एक मोर बसवला, तेव्हाच तू बजावली होतीस की माझ्या फाईलीतलं टिंबबी हलवायचं न्हाई. म्हणून न्हाई हलवलं. कंप्युटर म्हणाला, ‘गोदा मराठी’ हा फॉन्ट तुमच्याकडं न्हाई, बदल्यात तुमचा ‘गोदा’ लावू का? मी म्हणलं लाव. नाव एक, घराणं एक, फरक काय पडणार. प्रती चांगल्या निघाल्या. माणिकप्पा खूश होऊन गेले.

मी वाचलं न्हाई. दुसऱ्याच्या घरी जाणाऱ्या पोरीचं परिचयपत्र वाचू न्हाई. फकस्त उंची जरा जास्त लिहिलीस एवढं सांगतो.

पेनड्राईव्ह आळंद बसच्या गुरप्पा कंडक्टरच्या हाती परत पाठवायलोय, त्याच्यासंगच हे पत्र. उत्तर द्यायचं असंल तर गुरप्पा उद्या परत फिरतो. आई विचारायलीय, मंजू कामून रागावलीय. मी म्हणलं, ती रागावत न्हाई, ती मुळातच तशी हाय.

धनराज

---

आळंद
१९ नोव्हेंबर २०२४

धनराज,

तू माझं वाटोळं केलास. वाटोळं. ह्या शब्दातला ळ नीट बघून घे, कारण तुझ्या दुकानात तो मिळत न्हाई.

वाचलं न्हाईस म्हणतोस, मग उंची कशी दिसली? ती चौथ्या ओळीत हाय.

रविवारी उदगीरचे लोक निंबर्ग्याला आले. मुलगा शिवप्रसाद, पुण्यात कंपनीत हाय. संगं त्याचे आईबाप. माझ्या आईनं चुरमुऱ्याचा सुशीला केला होता, वर शेंगदाणे, खोबरं, सगळं. मी ताटल्या घेऊन गेले, तर मुलाच्या आईनं उठून माझ्या हातातनं ट्रे काढून घेतला. म्हणाली, “जड हाय बाळ, तू बस.” मला वाटलं, काय गुणाची बाई हाय.

मग मला जवळ बसवून विचारली, “झोप लागती का नीट?”

म्हणलं, लागती.

“गोळ्या चालू हायत का?”

मला वाटलं पित्ताच्या विचारायलीय. म्हणलं, कधीमधी घेते, डोकं उठलं की. तशी तिनं नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं मुलाकडं बघितलं, आन् तिघांनी मान डोलावली. मुलाचा बाप अप्पाला म्हणाला, “हरिबा, तुम्ही काय लपवलं न्हाई, कागदावर साफ लिहून दिलं. असली माणसं आता मिळत न्हाईत.” अप्पाला वाटलं उंचीचं बोलायलेत. अप्पा म्हणाले, “व्हय, एखादं बोट इकडं तिकडं असतंय की.” तर तो माणूस म्हणाला, “आमच्या बहिणीचं तर लई होतं. लग्न झाल्यावर बरी झाली.”

उंची लग्नानं कशी बरी होती, हे अप्पाला कळंना. मलाबी कळंना. मी मुलाच्या आईच्या मांडीवरचा कागद ओढून घेतला. तुझ्या छापखान्यातली ती कलाकुसर तुलाच लिहून पाठवायलेय:

मूड गाव: निंबर्गा. रंग: सावडा. डोडे: काडे. स्वभाव: मनमोकडा. लहानपणापासून वेड पाडण्याची सवय. अपेक्षा: मुलगा निर्व्यसनी व वेडप्रसंगी सांभाडून घेणारा असावा.

मी काय लिहिलं होतं? वेळ पाळण्याची सवय. वेळप्रसंगी सांभाळून घेणारा. आख्ख्या कागदावर जिथं जिथं ळ, तिथं तिथं ड. एक सुटला न्हाई.

मी उभी ऱ्हाऊन म्हणलं, ही फॉन्टची चूक हाय, दुसऱ्याच्या दुकानात फाईल उघडली की अक्षर बदलतंय. अप्पा म्हणाले, “कागदावरचं अक्षर आपोआप बदलतंय व्हय? मग शेताच्या पहाणीवरचं, उताऱ्यावरचं माझं नाव इतकी वर्षं कामून बदललं न्हाई?” मी आवाज चढवला. तर मुलाची आई हल्लूच अप्पाला म्हणाली, “असू द्या. तिच्या मनाविरुद्ध बोलू नका.”

आता खरी गोष्ट ऐक. त्यांनी नकार दिला न्हाई. पसंत हाय म्हणले. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, सुपारी फोडायला येणार हायत. अट एकच, दुकान बंद करायचं. पोरीच्या डोक्याला ताण नको म्हणून. अप्पांनी व्हय म्हणून टाकलं. ज्या दुकानाच्या पाटीचं अक्षर मी स्वतः बसवले, ते दुकान तुझ्या एका ड पायी बंद होणार. मला रडायला आलं आन् तेबी मी सगळ्यांपुढं रडले न्हाई, कारण रडले असते तर त्यांची खात्रीच झाली असती.

हे मुद्दाम केलास की चुकून, एवढंच लिही.

मंजुश्री

---

नौबाद, बिदर
२३ नोव्हेंबर २०२४

मंजू,

पत्र वाचून मी आधी हसलो, मग न्हाई हसलो. ‘दुकान बंद’ ह्या ओळीवर आलो तेव्हा हातातला चहा तसाच ऱ्हायला. तुझ्या दुकानावर मी जोक करतो, पण ते बंद व्हावं असं मला कधी वाटलं न्हाई. ते बंद झालं तर मी भांडू कुणासंगं?

मुद्दाम केलं न्हाई. आईची शपथ, आन् आई इथंच बसलीय, ऐकायलीय.

झालं काय ते तुला कळतंय, पण मामाला सांगता यावं म्हणून सोपं करून लिहितो. आपले हे जुने फॉन्ट म्हणजे रबरी शिक्क्यांचा डबा. डब्यात खण असतात. कंप्युटरला अक्षर कळत न्हाई, नुसता खण कळतो. ‘अमक्या खणातला शिक्का मार’ एवढंच फाईलीत लिहिलेलं असतं. तुझ्या ‘गोदा मराठी’त त्या खणात ळ हाय. माझ्याकडचा ‘गोदा’ हा हिंदीवाल्यांसाठी केलेला. त्यांना ळ लागत न्हाई, त्यांना खाली टिंब असलेला ड लागतो. तो त्यांनी त्याच खणात ठेवला. बाकीचे सगळे खण सारखे. म्हणून बाकी कागद शहाणा आला आन् तू तेवढी वेडी आलीस. टिंब बारीक, ते छपाईत कुणाला दिसत न्हाई.

आता माझा प्रश्न. हा बिनळचा फॉन्ट मला दिला कुणी?

तू दिलीस. बिदरला कोर्सला आमच्या घरी ऱ्हायला होतीस, कोर्स संपवून जाताना गुलाबी दोरा बांधलेला पेनड्राईव्ह माझ्या टेबलावर ठेवलीस. म्हणलीस, ‘घे, तुझ्या दुकानाला माझी भेट.’ त्यात सगळं होतं. क्ष होता, ज्ञ होता, ॐ होता, लग्नपत्रिकेचा गणपतीबी होता. फकस्त ळ नव्हता. मराठी माणसाला ळ सोडून सगळी अक्षरं देणारी बाई मी दुसरी बघितली न्हाई. जेवायला वाढायचं आन् मीठ लपवून ठेवायचं, तसलं झालं हे.

तेव्हापासनं मी ळ हातानं करतो. दोन शून्यं शेजारी चिटकवायची, वरनं रेघ, मधनं बारकी दांडी. गाणगापूरच्या लॉजवाल्यांच्या पाट्या सगळ्या माझ्याकडं असतात, आन् त्यांना ळ किती लागतात तूच बघ. सकाळची आरती, नारळ, फुलांची माळ, आंघोळीला गरम पाणी मिळेल. ह्या भागातल्या पाट्यांवरचा एकेक ळ माझ्या हातचा हाय. एका लॉजवाल्यानं मला विचारलं, तुमचा ळ जरा लठ्ठ कामून हाय? म्हणलं, खात्यापित्या घरचा हाय.

तुझ्या फाईलीतबी बसवला असता. पण फाईलीचं नाव काय होतं? आन् व्हय, वाचलं मी. सगळं वाचलं. ‘वेड पाडण्याची सवय’ इथं माऊस थांबला होता. मग म्हणलं, तिनं हात लावू नये म्हणलंय. आन् ओळ काय अगदीच खोटी वाटली न्हाई.

एक मात्र कळंना. तू पीडीएफ कामून दिली न्हाईस? पीडीएफ दिली असतीस तर फॉन्टचा प्रश्नच नव्हता.

धनराज

---

आळंद
१ डिसेंबर २०२४

धनराज,

पीडीएफ मी देत होते. माणिकप्पा म्हणाले, “खुली फाईल पाहिजे, प्रत्येक पार्टी बघून उंची कमीजास्त करावी लागती.” आन् वर मी त्यांना बजावून सांगितलं होतं की बिदरमध्ये कुठंबी छापा, पण धनराजकडं नको. ते सरळ तुझ्याकडंच आले, कारण तू त्यांना पैसे मागत न्हाईस. तुला कुणालाच काय मागता येत न्हाई, हाच तुझा रोग हाय.

आता फॉन्टचं. तू माझ्यावर आळ घेतलास, तर ऐकून घे. फॉन्टची पेटी मी रीतसर विकत घेतली होती. त्यात दोन फॉन्ट होते. ‘गोदा’ हा नमुन्याचा, कुणालाबी द्यायला मोकळा. ‘गोदा मराठी’ परवान्याचा, एका दुकानापुरता. मला नियम मोडता येत न्हाई, तुला ठाऊक हाय. वाटता येण्यासारखा होता तो दिले. त्यात ळ न्हाई हे मला ठाऊक होतं का, तर होतं. मी म्हणलं, मराठी धंदा करणाऱ्या माणसाला चार दिवसांत ळ लागंल. लागला की मागायला येईल. येण्यासाठी आळंद काय लांब न्हाई, थेट बस हाय.

आलास तू? ळ हातानं करत बसलास. दोन शून्यं चिटकवलास, दांडी लावलास, अख्ख्या गाणगापूरला लठ्ठ ळ वाटलास, पण ‘मंजू, ळ दे’ एवढं म्हणायला तुझी जीभ वळली न्हाई. मग ग्रुपवर माझ्या चुका मोजायला बरी वळती.

इकडचं सांगते. मुलाच्या आईनं उदगीरहून ब्राह्मीचं तेल पाठवलंय. आई रोज सकाळी माझ्या डोक्यावर थापती आन् म्हणती, घालून बघायला काय जातंय. दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी नाकाला हात लावतंय. शिवप्रसाद फोन करतो. माझ्याशी एवढं हल्लू बोलतो की मधल्या वेळात मी एक आख्खी लग्नपत्रिका लावून संपवते. परवा म्हणाला, “आज... काय... केलं?” म्हणलं, दोन वाढदिवसाचे बॅनर आन् एक निविदा. तो म्हणाला, “छान. आता... आराम... कर.” मुलगा वाईट न्हाई. वाईट असता तर सोपं झालं असतं.

अप्पांपुढं मी कंप्युटर उघडून दाखवायला गेले. ते म्हणाले, “तू काढलेलं तूच दाखवणार, मग त्यात काय राम?” बाहेरचा माणूस पाहिजे. अप्पांचा तुझ्यावर विश्वास हाय, कामून हाय देव जाणे. तू तुझी मशीन घेऊन ये, आत्याला संगं आण, आन् अप्पांना समोर दाखव की अक्षर बदलतंय. मी वेडी न्हाई हे एकदा ठरलं की दुकान बंद करायचं कारणच ऱ्हात न्हाई.

दत्तजयंतीच्या आधी ये. मी पहिल्यांदा काहीतरी मागायलेय.

मंजुश्री

ता. क. नंबर अजून ब्लॉकच हाय. गुरप्पा म्हणतो, तुमच्या पत्रांसाठी वेगळी पिशवी शिवून घेऊ का?

---

नौबाद, बिदर
९ डिसेंबर २०२४

मंजू,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. गुरप्पा रोज खिडकीतनं मान काढून विचारतो, मी रोज उद्या म्हणतो. गाणगापूरची कामं होती. दत्तजयंतीला यात्रेकरू येणार, लॉजवाल्यांना पाट्या कालच पाहिजे होत्या. एकानं ‘खोली मिळेल’ सांगितलं, दुसऱ्यानं ‘बाळगोपाळांसाठी वेगळी सोय’ सांगितलं. एका ओळीत तीन ळ. त्या तिन्हीला दांड्या लावता लावता माझं डोकं दुसरीकडंच होतं. शेवटी एक ळ उलटा लागला. कुणाला कळलं न्हाई.

मशीनबी जरा बिघडली होती.

न्हाई बिघडली. खोटं कामून लिहू? मशीन ठणठणीत हाय. मी बॅग भरून दोनदा स्टँडवर गेलो आन् परत आलो.

मी असा विचार केला. मी येऊन दाखवलं की मंजू शहाणी हाय, तर उदगीरवाले म्हणतील, अरे वा, पोरगी शहाणीबी हाय, मग दुकान चालू ठेव की पुण्यात. सुपारी फुटली. मी न्हाई आलो तर तू वेडी ऱ्हातीस, आन् वेडी तर त्यांना आधीच पसंत हाय. सुपारी फुटलीच. दोन्हीकडनं सुपारीच फुटायलीय. ह्यात माझ्या वाट्याला काय हाय ते मला सापडंना. मी माझ्याच वाट्याचं बघायलोय, हे लाजिरवाणं हाय, ठाऊक हाय मला.

तुझं परिचयपत्र छापत होतो ना, तेव्हा रंगीत प्रती एकेक करून बाहेर येत होत्या आन् दरवेळी तुझा फोटो आधी डोक्याकडनं निघायचा, मग डोळे, मग हनुवटी. मला वाटत होतं मशीनला कागद अडकावा. एरवी दर चार कागदांना अडकतो. त्या दिवशी एक अडकला न्हाई.

आई मला दोन वर्षं झाली म्हणायलीय, “माझ्या भावाची पोर हाय, आत्याच्या घरी यायचा हक्क हाय तिचा, मी जाऊन शब्द टाकते.” मीच अडवलो. म्हणलं, ती मला ब्लॉक करती, नवरा कुठनं करंल? तू म्हणतीस मला मागता येत न्हाई. खरं हाय. आम्ही नौबादवाले तसेच. दुकानात चहा सांगायचा तरी मी समोरच्या टपरीवाल्याकडं नुसतं बघत बसतो.

पण आता मागतो. लिहून मागतो, म्हणजे नंतर न्हाई म्हणता येणार न्हाई.

मंजू, मला ळ दे.

शनिवारी मी गाणगापूरला पाट्या लावायला असणार. रविवारी तुमच्याकडं सुपारी. तुझं उत्तर काय असंल ते गुरप्पाजवळ दे. न्हाई दिलीस तरी मी समजून जाईन, आन् ळ हातानं करत ऱ्हाईन. सवय हाय.

धनराज

---

आळंद
१७ डिसेंबर २०२४

धनराज,

तुझं पत्र गुरप्पानं बुधवारी दिलं. मी ते दुकानात वाचले. मग प्रिंटरवर कागद लावायचं निमित्त करून पाठमोरी उभी ऱ्हायले, कारण समोर गिऱ्हाईक होतं.

माणसानं एवढं साधं वाक्य लिहायला एवढी वर्षं लावावीत?

रविवारचं सांगते, शेवटपर्यंत वाच. मी ठरवलं, आता कुणाची वाट बघायची न्हाई. दुकानातला कंप्युटर टेंपोत घालून निंबर्ग्याला नेले. उदगीरवाले आले, सुपारीचं ताट मांडलेलं, माणिकप्पा टोपी घालून बसलेले. मी ताटाशेजारी मॉनिटर ठेवला. अप्पा म्हणाले, हे काय. म्हणलं, दोन मिनिटं. मग मुलाच्या आईला जवळ बोलावले आन् म्हणलं, “तुम्हीच टायपा, मी हात लावणार न्हाई.” तिला शाळेत टायपिंग शिकवलेलं, हे तिनंच सांगितलं. मी सांगत गेले तशी एकेक बटण दाबत तिनं लिहिली, वेळ. मग तिच्याच हातानं फॉन्ट बदलायला लावले. पडद्यावर तिच्यासमोर वेळचं वेड झालं. परत बदललं, परत वेळ. तिला एवढी मजा वाटली की तिनं ‘माळ’ लिहून त्याचा ‘माड’ केला, ‘काळा’चा ‘काडा’ केला, आन् नवऱ्याला हाक मारून दाखवली. अप्पा पुढं सरकले, चष्मा लावले आन् म्हणाले, “बदलतंय की. पहाणी बघून घ्यायला पाहिजे एकदा.”

मुलाच्या आईनं माझ्याकडं वरपासनं खालपर्यंत बघितलं आन् विचारली, “म्हणजे तू चांगली शहाणी हाईस?”

म्हणलं, व्हय.

“मग दुकान बंद करणार न्हाईस?”

म्हणलं, शहाणी हाय म्हणूनच न्हाई.

तिचा चेहरा पडला, धनराज. खरोखर पडला. ती आत जाऊन नवऱ्याशी बोलली, बाहेर आली आन् अप्पांना म्हणाली, “राग मानू नका. वेडी असती तर सांभाळली असती. शहाणी आन् वर दुकानवाली, आम्हाला झेपायची न्हाई.” शिवप्रसाद पहिल्यांदा माझ्याशी भरभर बोलला. म्हणाला, “ऑल द बेस्ट, माझ्या मित्राच्या दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड करून द्याल का?” मुलगा वाईट न्हाई, हे मी आधीच लिहिले होते.

अप्पा संध्याकाळपर्यंत अंगणात बसून होते. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. तर म्हणाले, “धनराजची एवढी पत्रं येतायत आन् तुझी जातायत, ती कसली?” मी न्हाई सांगितले. ते म्हणाले, “गुरप्पानं सांगितलं.” आन् हसले.

आता तू मागितलास त्याचं.

ळ मला देता येत न्हाई. मी नियम मोडत न्हाई. पेटीतला परवान्याचा कागद काढून परत वाचले. त्यात लिहिलंय की हा फॉन्ट एका दुकानापुरता हाय, दुसऱ्या दुकानात वापरता येणार न्हाई. तुझं दुकान नौबादला, माझं आळंदला. दोन दुकानं झाली. मग जमत न्हाई.

कागद मागनं पुढनं दोनदा वाचले. दुकानाचे मालक किती असावेत, ते मात्र त्यात कुठंच लिहिलेलं न्हाई. दुकान एक पाहिजे. आन् माझं हलणार न्हाई.

तेल थोडं उरलंय. पाहिजे असंल तर तुला ठेवते.

मंजू

ता. क. नंबर उघडलेय. पण पत्रच पाठव, गुरप्पानं पिशवी शिवलीय.

---

नौबाद, बिदर
१९ डिसेंबर २०२४

मंजू,

नौबादचं दुकान भाड्याचं होतं, मालकाला काल सांगितलं. तो म्हणाला, जावा, पण माझ्या घरावरची पाटी तेवढी करून जावा. घराचं नाव ‘मंगळमूर्ती’. शेवटचा ळ करून दिला, जरा बारीक केला.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. परवान्याची ओळ तिला दोनदा वाचून पाहिजे होती. मग म्हणाली, “माहेरच्या तालुक्यात ऱ्हायला कोण न्हाई म्हणंल?” आन् लगेच ट्रंक काढून बसली. मामाला नेसत्या साडीनिशी भेटायचं न्हाई म्हणती, इस्त्री चालू हाय.

रविवारी येतो. आई, मी, प्रिंटर, आन् तो गुलाबी दोऱ्याचा पेनड्राईव्ह. तो अजून माझ्याकडं हाय, दोऱ्यासकट. आल्या आल्या मशीनमधला तो हिंदी ‘गोदा’ आधी तुझ्या हातानं काढून टाक. पत्रिका आपलीच असणार, ती तरी नीट आली पाहिजे.

सुशीला करायला सांग मामीला. तेल नको.

सकाळच्या बसनं निघतो. गुरप्पा म्हणतो वेळेवर पोचवतो, पण वेळ पाळण्याची सवय मला न्हाई, हे तू लहानपणापासनं बघायलीस. जरा उशीर झाला तर ब्लॉक करू नको. आन् पुढंबी असंच, वेडप्रसंगी सांभाडून घे.

तुझा
धनराज

(वरची ओळ वाचून आई म्हणाली, चूक झालीय. म्हणलं, असू दे, तिला कळतंय.)